कापलेलं संत्रं

आधीच सांगून टाकते, या गोष्टीचा शेवट बरा झाला. नाहीतर मी ती सांगायला घेतली नसती, आणि आत्याने मला सांगूही दिली नसती.

माझी आत्या एकतीस वर्षं सरकारी चित्रपट विभागात फिल्म कापायचं आणि जोडायचं काम करत होती. ऑफिसात सगळे तिला कात्रीबाई म्हणत आणि तिला ते आवडायचं. तिने लग्न केलं नाही, आमच्याच घरी राहिली. कुणी लग्नाचं विचारलंच तर म्हणायची, "दिवसभर माणसं जोडतेच आहे. घरी येऊन आणखी कुठे जोडत बसू?"

मी दहा वर्षांची असताना एकदा सुट्टीत तिने मला कामावर नेलं. तळमजल्यावरची लांबट खोली होती, खिडकीला काळा कागद चिकटवलेला. टेबलावर दोन आडव्या तबकड्या, मध्ये हाताच्या पंजाएवढा पडदा. मागे एक लाकडी चौकट, तिला ओळीने बारीक खिळे, खिळ्यांना फिल्मच्या पट्ट्या लटकवलेल्या. त्यांची टोकं जमिनीला लागून खरवडू नयेत म्हणून खाली पांढऱ्या कापडाची झोळी. आत्या सुती हातमोजे घालून बसली होती. घरी भांडं पडलं तरी दचकणारी आमची आत्या तिथे एखाद्या सर्जनसारखी दिसत होती.

तिने मला छोट्या पडद्यावर भाषण दाखवलं. तेव्हा देशाचा कारभार ज्यांच्या हातात होता त्यांना विभागात नुसतं 'मोठे' म्हणत. मोठे बोलत होते, आणि मध्येच गर्दीतली एक आजी तोंडभर हसली.

"ही आजी कुणाकडे बघून हसली?" आत्याने विचारलं.

"मोठ्यांकडे."

आत्याने दुसऱ्या खिळ्यावरची पट्टी काढून लावली. तीच आजी, तेच हसू, पण कॅमेरा जरा खाली उतरला आणि तिच्या पायांशी एक कुत्र्याचं पिल्लू दिसलं. स्वतःचं शेपूट पकडायला ते गोल गोल फिरत होतं.

"आजी खरी, हसणं खरं, मोठेही खरे," आत्या म्हणाली. "मी खोटं काही करत नाही. फक्त शेजार बदलते."

मला ती जादू वाटली. त्या दुपारी तिने मला आणखी कितीतरी गमती दाखवल्या. मोठ्यांचं चित्र नेहमी खालून वर घ्यायचं, मागे आभाळ ठेवायचं. विरोधकांचं गच्चीवरून घ्यायचं, म्हणजे नुसती टकलं आणि छत्र्या दिसतात. "खालून बघितलं की माणूस मनोरा होतो, वरून बघितलं की मुंगी," ती म्हणाली. अर्धं मैदान रिकामं असलं तर कॅमेऱ्याला लांब पल्ल्याचं भिंग लावायचं. मग मागची माणसं पुढच्यांच्या खांद्यावर बसल्यासारखी दिसतात आणि चाळीसांची चारशे होतात. टाळ्यांचा आवाज फुटबॉलच्या सामन्यातून आणलेला होता. आणि संगीत टाळ्यांच्या आधी दोन क्षण सुरू करायचं, हे तिचं स्वतःचं. "लोकांना टाळी वाजवायला कारण लागत नाही, सुरुवात लागते," असं ती म्हणायची.

त्याच वर्षी शिक्षकांचा मोर्चा निघाला. सरकार लहान शाळा बंद करणार होतं आणि गावोगावचे शिक्षक शहरात आले होते. मोर्चा शांततेत पार पडला. निवडणूक दोन महिन्यांवर होती आणि लोकांना शिक्षकांबद्दल कणव वाटायला लागली होती. वरून हुकूम आला की चित्रपटगृहात मुख्य सिनेमाच्या आधी दाखवायला आठ मिनिटांचा एक लघुपट करा. नाव होतं 'घर सांभाळा'. विभागाचे साहेब आत्याच्या खोलीत आले आणि तिच्या पाठीशी उभे राहून मोर्च्याची सगळी रिळं बघू लागले.

"दगड मारणारा कुणी सापडला का, बाई?"

"नाही साहेब. चालतायत, घोषणा देतायत. एक जण वर संत्रं फेकतो आहे."

"फेकतो आहे ना?" साहेब म्हणाले. "मग झालं."

ते चित्र अकरा सेकंदांचं होतं. चष्मा लावलेला एक शिक्षक मोर्च्यात चालता चालता थांबतो, खिशातून काहीतरी काढतो, हात मागे नेतो आणि जोरात वर फेकतो. कॅमेरामन हुशार होता, त्याने फेकलेल्या वस्तूचा पाठलाग केला. कॅमेरा वर गेला, पहिल्या मजल्याच्या सज्जाशी थांबला. तिथे एक सहा-सात वर्षांची मुलगी कठड्यावरून अर्धी बाहेर झुकून हात पसरून उभी होती. तिने ते संत्रं अलगद झेललं आणि छातीशी धरलं.

आत्याने हात वर गेला तिथे कापलं. बोटं उघडली, वस्तू सुटली, आणि बस्स. फिल्म काळीपांढरी होती. काळ्यापांढऱ्यात संत्रं आणि दगड सख्खी भावंडं. त्याला तिने जोडलं फुटणाऱ्या काचेचं चित्र. ती काच ऑफिसच्या मागच्या अंगणात भंगारातली आणून फोडली होती. आवाज तिने स्वतः केला, बादलीत सरबताची बाटली आपटून. त्यानंतर एक रडणारं बाळ. ते बाळ लसीकरणाच्या माहितीपटातलं होतं.

आम्ही सगळे तो लघुपट बघायला गेलो, कारण आत्याचं काम होतं. मी, आई, बाबा आणि आत्या, एका रांगेत. काच फुटली तेव्हा अख्खं थिएटर 'हं' करून मागे सरकलं. बाबांनी मूठ आवळली. बाबा शांत माणूस, मुंगी मारणार नाही. पण त्या दिवशी दात आवळून म्हणाले, "असल्या लोकांच्या हाती आपण पोरं देतो." आत्या पडद्याकडे बघतच नव्हती. ती मान वळवून लोकांचे चेहरे बघत होती.

पुष्कळ वर्षांनी तिने मला सांगितलं, "मला तेव्हा आनंद झाला होता. खोटं कशाला बोलू. सांधा कुणालाही दिसला नव्हता."

निवडणुकीत मोठे आरामात जिंकले. शाळा बंद झाल्या, आणि त्याबद्दल फारसं कुणी हळहळलं नाही.

आत्याने गृहीत धरलं होतं की तो माणूस कुणाला ओळखू येणार नाही. पण पंधरा दिवसांत पेपरात त्याचा फोटो आला. भूगोलाचा मास्तर होता. त्याच्यावर चौकशी बसली. तो म्हणाला, मी दगड नाही, संत्रं फेकलं, मोर्च्याच्या वाटेवर मेहुणीचं घर आहे, सज्जात माझी मुलगी उभी होती, तिला दिलं. पेपराने मथळा दिला, 'म्हणे संत्रं होतं'. मुलीला चौकशीला बोलावलं. टेबलापलीकडे बसलेल्या पाच मोठ्या माणसांना बघून ती घाबरली आणि म्हणाली, "मला आठवत नाही." मास्तरची नोकरी गेली.

आत्याने ती बातमी सकाळी चहा पिताना वाचली आणि कप अर्धाच ठेवून उठली. आम्हाला वाटलं, ऑफिसला उशीर झाला असेल.

ती काही बोलली नाही. बोलली असती तर काय झालं असतं, ते तिला ठाऊक होतं. ध्वनिमुद्रण करणाऱ्या तिच्या एका सहकाऱ्याने बैठकीत एकदा साधा प्रश्न विचारला होता, तर त्याला सरहद्दीवरच्या गोदामात रिळं मोजायला पाठवलं होतं. आमची आजी तेव्हा अंथरुणाला खिळलेली होती आणि तिचं सगळं आत्या करायची. ही कारणं खरी आहेत. पण आत्या ती कधी पुढे करत नाही. ती म्हणते, "घाबरले. त्याला दुसरा शब्द नाही."

एवढं मात्र झालं की तिने तो उरलेला तुकडा टाकला नाही. अशा लघुपटांचे उरलेले तुकडे जाळायला पाठवायचा नियम होता. तिने हा नऊ सेकंदांचा तुकडा गुंडाळून मत्स्यपालनाच्या माहितीपटाच्या डब्यात ठेवला. पुढे कधीतरी खरं बाहेर काढू, असं तिच्या मनात होतं का, हे मी तिला विचारलं होतं.

"छे. पोरीने संत्रं इतकं छान झेललं होतं," ती म्हणाली. "चांगलं चित्र जाळायला जीव होईना."

त्यानंतर सोळा वर्षं ती कामावर गेली आणि निवृत्त झाली. त्या वर्षांत ती कधीही आमच्याबरोबर सिनेमाला आली नाही. डोळे दुखतात म्हणायची. दुपारी तिला झोप लागायची नाही. डॉक्टरांनी रक्तदाबाच्या गोळ्या दिल्या, मग त्या वाढवल्या. आम्ही वयावर ढकललं. आई म्हणायची, "एकटी राहिलेली बाई, विचार करत बसते." विचार करत बसते हे खरं होतं, पण कसला, ते आम्हाला ठाऊक नव्हतं.

ती निवृत्त झाल्यावर दोन वर्षांनी मोठे निवडणूक हरले. कुणालाच खरं वाटलं नाही, बहुधा त्यांनाही नाही. नव्या लोकांनी चित्रपट विभाग बंद केला आणि सगळे डबे एका संग्रहालयाकडे दिले. तिथली संग्रहपाल म्हणजे तिशीतली एक चटपटीत बाई. तिने जुन्या कर्मचाऱ्यांना फोन केले. डबे हजारो आहेत, निम्म्यांच्या पाट्या गळून पडल्यात, येऊन ओळखून देता का.

आत्याने तीन दिवस टाळाटाळ केली. पहिल्या दिवशी गुडघा, दुसऱ्या दिवशी सर्दी, तिसऱ्या दिवशी कपाट आवरणं. चौथ्या दिवशी सकाळी ती पायात चपला घालून दारात उभी राहिली आणि मला म्हणाली, "चल, गाडी काढ."

संग्रहालय पूर्वी बर्फाचा कारखाना होतं, त्यामुळे आत गारवा होता. डब्यांच्या भिंती उभ्या होत्या आणि सगळीकडे व्हिनेगरचा वास. फिल्म सडायला लागली की तसा वास येतो, हे आत्याने मला सांगितलं, आणि सांगताना तिचा आवाज पडला. तिने संग्रहपाल बाईला विचारलं, "मत्स्यपालनाचे डबे कुठे आहेत?"

"अकरा आहेत," ती हसून म्हणाली. "तुमच्या विभागाला मासे फार आवडायचे का हो?"

पहिल्या डब्यात मासे. दुसऱ्यात मासे. तिसरा गंजून घट्ट बसलेला, उघडला तर आत काळा लगदा. आत्या मटकन खाली बसली. मी म्हटलं, "आत्या, अगं एवढं काय त्यात? माशांच्या फिल्मला कोण विचारतंय?"

तेव्हा ती म्हणाली, "आपण मासे शोधत नाही आहोत." आणि तिथेच, दोन रांगांच्या मध्ये फरशीवर बसून, तिने मला आणि त्या संग्रहपाल बाईला सगळं सांगितलं. मोर्चा, संत्रं, काच, बादलीतली बाटली. ती एकदाही रडली नाही. नोंद वाचून दाखवावी तशी बोलत होती. मला मात्र बाबांची ती आवळलेली मूठ आठवत होती.

संग्रहपाल बाईचा चेहरा पांढरा पडला. "तो फोटो आमच्या शाळेच्या पुस्तकात होता," ती म्हणाली. "हात वर केलेला. खाली लिहिलं होतं, हिंसक आंदोलक." मग तिने बाह्या वर सारल्या. "आठ डबे राहिलेत."

नवव्या डब्यात माशांच्या रिळाखाली ती छोटी गुंडाळी होती. कडा जरा आक्रसलेल्या, पण धड. आत्याने हातमोजे मागितले.  ते चढवले. संग्रहालयात तिच्या टेबलासारखंच एक टेबल होतं. तिने पट्टी लावली, चाक फिरवलं, आणि पंजाएवढ्या पडद्यावर ती मुलगी सज्जातून झुकली आणि संत्रं झेललं.

 मग आत्याने पट्टीच्या कडेला बोट ठेवलं. फिल्मच्या कडेला दर फुटाला एक क्रमांक छापलेला असतो. 'घर सांभाळा'ची कच्ची प्रतही संग्रहात होती. तीत हात वर जातो तिथवर जो क्रमांक येत होता, त्याच्या पुढचा या पट्टीवर होता. दोन तुकडे मुळात एकच होते, याला आता आत्याच्या शब्दाचीही गरज नव्हती.

"हे उद्याच पेपरांना देऊ या," संग्रहपाल बाई म्हणाली.

"नाही," आत्या म्हणाली. "आधी त्यांना."

मास्तर चार तासांच्या अंतरावरच्या एका गावात राहत होते आणि एका छापखान्यात मुद्रितं तपासायचं काम करत होते. आम्ही गेलो तेव्हा ते खिडकीशी बसून लाल पेनाने कुठल्यातरी जंत्रीतल्या चुका काढत होते. साठीला टेकलेले, चष्मा तसाच. आत्या समोर उभी राहिली आणि नमस्कार न करताच बोलायला लागली, जणू थांबली असती तर जमलं नसतं.

"मी चित्रपट विभागात होते. तुमचा हात वर गेल्यावर मी कापलं. पुढचं संत्रं माझ्याकडे आहे."

मास्तरांनी पेनाला टोपण लावलं.  मग उठून त्यांनी तिला बसायला स्वतःची खुर्ची दिली आणि स्वतः कागदांच्या गठ्ठ्यावर बसले.

"म्हणजे होतं ते," ते म्हणाले.

"होतं."

"बाई, मला मधूनमधून वाटायचं की मीच वेडा आहे. एवढे लोक म्हणतायत दगड, तर असेलही दगड." त्यांनी चष्मा काढून पुसला. "तुम्ही मला ओळखत होतात?"

"नाही."

"मग माझ्यावर काही राग?"

"काहीच नाही. साहेबांनी सांगितलं आणि मी चांगलं कापलं. मास्तर, मी माफी मागायला आले आहे, पण ती मागायची कशी ते मला..."

"ते राहू द्या," मास्तर म्हणाले. आवाज कडक होता. वर्गात असा लावत असतील. "माफीचं मागाहून बघू. ते आधी माझ्या मुलीला दाखवा. तिने तो लघुपट शाळेच्या सभागृहात बघितला, चारशे मुलांत बसून. मला तोंडावर ती कधी खोटारडा म्हणाली नाही. फक्त विषय निघाला की उठून जाते. गेली अठरा वर्षं आमच्या घरात संत्रं येत नाही. मला ते फार आवडतं हो."

शेवटचं वाक्य त्यांनी इतक्या केविलवाण्या सुरात म्हटलं की मला हसू आलं, आणि लगेच लाज वाटली. पण मास्तरही हसले.

मुलगी आता पंचवीस वर्षांची होती, एका दवाखान्यात रक्त तपासायचं काम करायची. पुढच्या रविवारी बापलेक संग्रहालयात आले. ती वडिलांपासून एक खुर्ची सोडून बसली. आत्याने दोन्ही तुकडे जोडून ठेवले होते, हा तिचा एकतीस वर्षांच्या नोकरीनंतरचा सांधा. भिंतीवर पांढरा पडदा लावला होता. दिवे घालवले.

हात वर गेला. मुलीने डोळे मिटले. ते तिला पाठ होतं. काच फुटली नाही, म्हणून तिने डोळे उघडले, तेव्हा पडद्यावर ती स्वतः सज्जातून झुकलेली होती.

"पुन्हा लावा," ती म्हणाली.

आत्याने पुन्हा लावलं. मग पुन्हा. पाचव्या वेळी मुलगी उठून पडद्याजवळ गेली. "डाव्या हाताने," ती म्हणाली. "मी डावरी आहे. मी डाव्या हाताने झेललंय." ती वळली. "बाबा, मला खरंच आठवत नव्हतं. मी आठवायचा प्रयत्न केला की ती काचच आठवायची. मी काच फुटताना बघितली आहे, असंच मला वाटायचं. रस्त्यावर. आवाजासकट."

"तो आवाज बादलीतला," आत्या हळूच म्हणाली.

"तुम्ही मला पुन्हा कधी विचारलं का नाहीत, बाबा?"

"तू सात वर्षांची होतीस," मास्तर म्हणाले. "एकदा तुला साक्षीला बसवलं तेवढं पुरे झालं. पुन्हा साक्षीदार करायचं नव्हतं."

ती मधल्या रिकाम्या खुर्चीवर येऊन बसली.  संग्रहपाल बाई नाक ओढत प्रोजेक्टरशी उगाच काहीतरी खटपट करत होती. आत्या कोपऱ्यात उभी होती, हातमोजे घातलेले हात पुढे धरून, आता त्यांचं काय करायचं ते न कळल्यासारखी.

थोड्या वेळाने मुलगी तिच्यापाशी आली. "तुम्हाला ठाऊक होतं."

"हो."

"पहिल्या दिवसापासून?"

"पहिल्या दिवसापासून."

"मला तुमच्यावर खूप रागवायचं आहे," मुलगी म्हणाली. "आज नाही जमणार. नंतर रागवेन."

"मी घरीच असते," आत्या म्हणाली.

आणि ती खरंच रागावली. आठवड्याने तिचा फोन आला, चाळीस मिनिटं चालला. आत्याने सगळा उभ्याने ऐकला, मध्ये एकदाही "पण" म्हटलं नाही. फोन ठेवून ती पलंगावर आडवी झाली आणि भर दुपारी दोन तास गाढ झोपली. आईने दोनदा नाकाशी बोट धरून बघितलं.

घरात सांगणं बाकी होतं, म्हणजे बाबांना. ते मी सांगेन म्हटलं, तर आत्या म्हणाली, नको, भाऊ माझा आहे. बाबांनी सगळं ऐकून घेतलं. "आपण शेजारी बसलो होतो," ते म्हणाले. "आणि त्या दगडावर मी मत दिलं. आयुष्यात एकदाच मी मनापासून रागावून मत दिलं, ते एका संत्र्यावर."

दोन दिवस ते आत्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "पेपरांना द्यायचं तुझं निवेदन लिहून झालं का? आण, मी टाईप करून देतो. तुझं अक्षर कुणाला लागणार आहे." आमच्या घरात समेट असाच होतो.

निवेदन तिने आधी मास्तरांना पाठवलं. ते दोन दिवसांत परत आलं. लाल पेनाने सहा चुका दुरुस्त केलेल्या, आणि 'वरिष्ठांच्या आदेशानुसार' या शब्दांखाली रेघ मारून समासात प्रश्नचिन्ह. आत्याने ते शब्द काढून टाकले आणि लिहिलं, 'साहेबांनी सांगितलं आणि मी केलं'. मग ते पेपरांत आलं, क्रमांकांच्या फोटोंसकट. शिक्षण मंडळाने बडतर्फीचा हुकूम रद्द केला. मास्तरांच्या निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं. ते जाऊन उरलेलं दीड वर्ष भूगोल शिकवून आले. म्हणाले, नकाशे बरेच बदललेत, पण नद्या तिथेच आहेत.

आत्याला वाटलं होतं, पोलीस येतील, लोक दारावर येतील. पोलीस आले नाहीत. मोठ्यांच्या चाहत्यांचे काही फोन आले, शिव्या देणारे. ते आईने घेतले. एकाला तिने सांगितलेलं मी स्वतः ऐकलं आहे, "त्या झोपल्यात. तुम्हाला ओरडायचं ते मला ओरडा, मी भाजी निवडते आहे." तो माणूस जरा वेळ ओरडला आणि मग बिचारा तब्येतीला जपा म्हणाला.

आता महिन्यातून एकदा आत्या संग्रहालयात जाते. शाळांची मुलं येतात. ती त्यांना आधी काचेचा सांधा दाखवते आणि काय दिसलं ते लिहायला सांगते. मग संत्र्याचा दाखवते. संत्रं बघून कुणीच हसत नाही, असं ती सांगते, सगळे आपापल्या कागदाकडे बघतात. गेल्या खेपेला एका मुलीने विचारलं, मग आत्ता तुम्ही दाखवलंत तेही कशावरून खरं? आत्याने तिला टेबलाशी बोलावलं, भिंग दिलं आणि कडेचे क्रमांक वाचायला लावले. घरी आल्यावर जेवताना तिने ते चारदा सांगितलं.

रक्तदाबाची एक गोळी डॉक्टरांनी कमी केली आहे. संध्याकाळी बाबा आणि ती बातम्या बघत बसतात. कुणा नव्या नेत्याचं भाषण लागलं, गर्दी दाखवली, की बाबा तिला कोपराने ढोसतात. "इथे कापलंय?"

"हो."

"आणि आता?"

"आताही. ती टोपीवाली बाई दुसऱ्या सभेतली आहे, ऊन बघ ना कुठल्या बाजूने येतंय."

बाबा पुढे वाकून ऊन बघतात. आई आतून ओरडते की जेवायला या, नाहीतर इथेही काहीतरी कापेन. आणि दोघंही म्हणतात, एवढं संपू दे.